आठव्या पानावरचा ‘र’

मावशीला आयुष्यात एकाच गोष्टीची मनापासून लाज वाटत आली होती. आणि नेमकी तीच गोष्ट अडतीस वर्षांनी एका आलिशान जहाजाच्या सभागृहात, भिंतीएवढ्या पडद्यावर, साठ माणसांसमोर येऊन उभी राहिली.

पण ते पुढे. आधी मावशी कोण, ते सांगायला हवं.

मावशी म्हणजे जहाजावरच्या डॉक्टरीणबाईंची मावशी. परराष्ट्र खात्याच्या कचेरीत बाविसाव्या वर्षी टायपिस्ट म्हणून चिकटली, ती अठ्ठावन्नाव्या वर्षीच खुर्चीवरून उठली. अंगानं लहानखुरी, खुर्चीवर दोन फायली ठेवून बसायची तेव्हा कुठे हात मशीनला नीट पोचायचे. कचेरीत तिला सगळे ‘स्वल्पबाई’ म्हणत. एक तर चण स्वल्प, आणि दुसरं म्हणजे सुटलेला स्वल्पविराम तिच्या नजरेतून कधी सुटला नाही. साहेब लोक मसुदा देताना म्हणायचे, “स्वल्पबाई, अर्थ नंतर बघू, आधी चुका बघा.” ती दोन्ही बघायची, पण अर्थाबद्दल तोंडातून ब्र काढायची नाही. नोकरीला लागतानाच गोपनीयतेच्या कागदावर सही केली होती. सही केली म्हणजे केली.

लग्न तिनं केलं नाही. का नाही केलं, असं कोणी विचारलं तर म्हणायची, “राहून गेलं बाई, जसं एखाद्याचं पोहायला शिकायचं राहून जातं.” त्यात खंत नव्हती. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर तिची दोन खोल्यांची जागा होती. धाकट्या बहिणीची मुलगी शिकायला तिच्याकडे सात वर्षं राहिली. भाची डॉक्टरीचा अभ्यास करायची आणि मावशी भाजी चिरता चिरता तिची हाडांची नावं म्हणून घ्यायची. परीक्षेच्या वेळेपर्यंत मावशीलाच ती जास्त पाठ झाली होती.

पुढे त्या भाचीनं जहाजावर नोकरी धरली. जहाज सहलीचं होतं, पण नुसतं खाऊनपिऊन उन्हात लोळणाऱ्यांचं नव्हे. आखाताच्या दोन्ही किनाऱ्यांवरची बंदरं घेत बारा दिवस फिरायचं आणि प्रत्येक बंदर यायच्या आदल्या दिवशी त्याचा इतिहास, तिथलं राजकारण, तिथल्या लढाया आणि तह हे सगळं तज्ज्ञांच्या तोंडून ऐकायचं, अशी ती सफर. प्रवासी बहुतेक निवृत्त, पैसेवाले, वाचनाची आवड असलेले. तिकिटाचा आकडा ऐकून मावशीनं पहिल्यांदा कानालाच हात लावला होता. कर्मचाऱ्यांना मात्र वर्षातून एकदा एखादं माणूस रिकाम्या केबिनमध्ये फुकट आणता यायचं.

“मावशी, यंदा तू ये,” भाची फोनवर म्हणाली.

“मी? मला काय करायचंय तिथं? पाण्यावर माझ्या पोटात ढवळतं.”

“तिथं डॉक्टर मीच आहे ना!”

“आणि कपडे? तिथं सगळे झकपक असतील.”

“असू देत. तू तुझं स्वेटर आणि कॅनव्हासचे बूट घालून ये. कोणी काही बोललं तर त्याला मी कडू औषध देते.”

मावशी नाहीच म्हणणार होती. पण भाचीनं पाठवलेलं सफरीचं पत्रक तिनं चष्मा लावून वाचलं. सातव्या दिवसाच्या बंदराचं नाव दिसताच ती थांबली. चष्मा पुसला आणि परत वाचलं. संध्याकाळी तिनं आपणहून फोन केला. “सामान किती न्यायचं गं?”

भाचीला वाटलं, मावशीला समुद्राची ओढ लागली. मावशीनं तो समज तसाच राहू दिला.

जहाजावर पहिले दोन दिवस मावशी परक्या घरी आलेल्या मुलीसारखी वावरली. केबिनमध्ये एका माणसाला चार उशा होत्या. तिनं दोन कपाटात ठेवल्या, तर संध्याकाळी परत चारच्या चार पलंगावर हजर. आंघोळीच्या टॉवेलचा कोणीतरी हंस करून ठेवायचं. तो मोडायचा जिवावर आल्यामुळे मावशीनं पहिल्या दिवशी स्वतःच्या पंच्यानं अंग पुसलं. तिसऱ्या दिवसापासून मात्र तिला गोडी लागली. सकाळी गच्चीवर चालायचं, मग कोणीतरी आयता करून दिलेला नाश्ता, आणि दहा वाजता सभागृहात व्याख्यान.

सभागृह म्हणजे मऊ खुर्च्यांचं जंगल. माणूस बसला की निम्मा आत जायचा. मावशी तर जवळजवळ दिसेनाशीच व्हायची. म्हणून ती दुसऱ्या रांगेत, कडेला, खुर्चीच्या अगदी टोकावर बसायची. तज्ज्ञ दोघे होते. एक निवृत्त राजदूत, कानाला यंत्र लावलेले. दुसऱ्याचं व्याख्यान चालू झालं की ते यंत्र बंद करत आणि डोळे मिटून घेत. दुसरे प्रोफेसर. उंच, टक्कल पडलेले, गळ्यात कायम एक राखाडी मफलर. बोलणं मात्र असं, की बंदर नकाशातून उठून समोर यावं. मावशीला ते फार आवडले. “हा माणूस वाक्य पुरं करतो,” ती भाचीला म्हणाली. मावशीच्या तोंडी याहून मोठी शाबासकी नव्हती.

सहाव्या दिवशी प्रोफेसरांनी आखाताच्या तहावर व्याख्यान दिलं.

दोन किनाऱ्यांवरची दोन सरकारं मासेमारीवरून अकरा वर्षं भांडत होती. होड्या जप्त व्हायच्या, माणसं तुरुंगात जायची, दोनदा गोळीबारही झाला. शेवटी मधल्या बेटावर, जिथं जहाज दुसऱ्या दिवशी लागणार होतं तिथल्या जुन्या जकात कचेरीच्या माडीवर, दोन्हीकडची शिष्टमंडळं बसली. दुपारी बाराला सह्या व्हायच्या होत्या. वार्ताहर खाली ताटकळत उभे होते. बारा वाजले, एक वाजला, तीन वाजले. सह्या झाल्या साडेपाचला. आणि बाहेर आलेल्या तहात सातवं कलम पार बदललेलं होतं. आधीच्या मसुद्यात मासेमारीचा परवाना वर्षातले सहा महिने होता. सह्या झाल्या त्या कागदावर बारा महिने.

“त्या साडेपाच तासांत काय झालं?” प्रोफेसरांनी विचारलं आणि सवयीनं थोडं थांबले. “कोणीही सांगितलं नाही. दोन्ही शिष्टमंडळांचे प्रमुख काही न बोलता वारले. पण कागद बोलतो. हे बघा.”

पडद्यावर तहाचं शेवटचं पान आलं. मावशीनं चष्मा सावरला.

“हा ‘र’ बघा.” लाल ठिपका एका अक्षराभोवती फिरला. “ओळ सोडून वर चढलाय. या पानावरचा प्रत्येक ‘र’ असाच आहे. पहिल्या पानावरचे ‘र’ मात्र सरळ, ओळीत बसलेले. याचा अर्थ काय? हे पान दुसऱ्या मशीनवर टाईप झालं. म्हणजे ते त्या माडीवर तयारच झालं नाही, बाहेरून आलं. त्या दुपारी बेटाला एक मोटरबोट लागल्याची नोंद आहे. माझं म्हणणं असं, की तिसऱ्या कुठल्यातरी बड्या सरकारनं नवं कलम लिहून पाठवलं आणि दोघांना मुकाट्यानं सही करायला लावली. माझ्या पुस्तकाचं पाचवं प्रकरण याच अक्षरावर उभं आहे.”

लोकांनी माना डोलावल्या. कोणीतरी “वा!” म्हणालं.

मावशीचे कान तापले होते. वितीएवढा वाढलेला तो वाकडा ‘र’ भिंतीवरून तिच्याकडे टकामका बघत होता. छत्तीस वर्षांच्या नोकरीत सरकारच्या नावानं बाहेर गेलेला तिचा एकुलता एक खराब कागद! अडतीस वर्षं तिनं तो मनाच्या तळाशी दडपून ठेवला होता, आणि हा भला माणूस त्याच्यावर लाल दिवा फिरवत होता. वर म्हणत होता, मशीन दुसरं!

तिचा हात आपोआप वर गेला.

“हां, बाई?”

“मशीन तेच आहे,” मावशी म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

प्रोफेसर हसले. “आपल्याला कशावरून वाटतं तसं?”

“‘र’ उमटवणारी मशीनची दांडी वाकली होती. मशीन तेच.”

“आपण टायपिंगच्या जाणकार आहात का?”

“जाणकार नाही,” मावशी म्हणाली. “ते पान मी टाईप केलंय.”

सभागृहातल्या साऱ्या माना दुसऱ्या रांगेकडे वळल्या. राजदूतांनी डोळे उघडले, चाचपडत कानातलं यंत्र चालू केलं आणि शेजारच्याला विचारलं, “काय? काय म्हणाल्या त्या?”

तेवढ्यात मावशीला आपण काय करून बसलो ते उमगलं. तिनं तोंडावर हात ठेवला, पर्स उचलली आणि साठ माणसं बघत असताना तरातरा बाहेर चालती झाली.

भाचीचा दवाखाना जहाजाच्या खालच्या मजल्यावर होता. पांढरी खोली, एक पलंग, काचेचं कपाट आणि एक गोल खिडकी. भाची एका आजोबांच्या मुरगळलेल्या घोट्याला पट्टी बांधत होती. मावशी दारातच उभी राहिली.

“अगं, मी शपथ मोडली.”

“कसली शपथ? बस तू आधी. पोटात ढवळतंय का?”

“पोटाचं काय घेऊन बसलीस! सरकारी शपथ. आता पेन्शन बंद करतील.”

घोटावाले आजोबा कान टवकारून ऐकायला लागले. भाचीनं झटपट पट्टी संपवून त्यांना वाटेला लावलं, दार ओढून घेतलं आणि मावशीला पलंगावर बसवून पाणी दिलं. मावशीनं अडखळत सगळं सांगितलं. तहाचं टायपिंग तिनं केलं होतं, हे भाची आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होती. सात वर्षं एका छताखाली राहिली, पण तिला वाटायचं मावशी कचेरीत रजेची परिपत्रकं बडवते.

“आईला तरी माहीत आहे का?”

“कोणालाच नाही. सही केली होती ना मी.”

“मावशी, अडतीस वर्षं झाली गं!”

“सहीवर तारखेपासून अमुक वर्षं असं काही लिहिलं नव्हतं. मीच टाईप केला होता तो नमुना.”

दारावर टकटक झाली. प्रोफेसर होते. जिने उतरून धापा टाकत आलेले, मफलर एका खांद्यावरून लोंबत होता आणि काखेत लॅपटॉप.

“बाई, माफ करा. आपण अशा निघून आलात...”

“मी काही बोलले नाही,” मावशी घाईनं म्हणाली. “विसरा तुम्ही.”

भाचीनं शपथेची अडचण सांगितली. प्रोफेसर हसले नाहीत, याबद्दल भाचीनं मनातल्या मनात त्यांना मानलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि मावशीच्या समोर बसले.

“तहाचे कागद आठ वर्षांपूर्वी सरकारनंच खुले केले. कोणीही जाऊन बघू शकतं, मीही तिथेच बघितले. कागद मोकळे झालेत, बाई. माणसंच तेवढी अजून बंद आहेत.”

मावशीनं भाचीकडे बघितलं. भाचीनं मान हलवली. मावशीनं पेल्यातलं उरलेलं पाणी संपवलं, पेला बशीवर ठेवला, आणि अडतीस वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं.

त्या माडीवर टेबलाच्या एका बाजूला ती होती आणि दुसऱ्या बाजूला पलीकडच्या सरकारचा टायपिस्ट. किडकिडीत, अबोल माणूस. बोटांना शाई आणि खिशात खडीसाखर. दोघं आपापल्या भाषेत तोच तह टाईप करत होते, प्रत्येकी दोन प्रती. चौदा पानं. मूळ कागद असल्यानं खाडाखोड चालत नव्हती. एक अक्षर चुकलं तर पान फाडायचं आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात. अकरा वाजता दोघांचंही संपलं. पानं आणि कलमं जुळतात का बघायला त्यानं आपला गठ्ठा तिच्याकडे सरकवला. मावशीचं आजोळ पलीकडच्या किनाऱ्यावरचं. ती भाषा तिला बोलता येत नसली तरी वाचता येत होती, हे कचेरीत कोणाला ठाऊक नव्हतं.

“सातव्या कलमाशी मी अडकले,” मावशी म्हणाली. “आमच्यात होतं, ‘परवाना वर्षातून सहा महिने चालेल’. त्यांच्यात होतं, ‘परवाना दर सहा महिन्यांनी नवा करावा’. आता बघा, एकाचा अर्थ सहा महिने होडी बांधून ठेवा. दुसऱ्याचा अर्थ सहा महिन्यांनी शिक्का मारून घ्या आणि वर्षभर जा. बोलणी एकच झाली होती, पण दोघांनी आपापल्या सोयीनं ऐकलेली! तशीच सही झाली असती तर पहिल्याच हंगामात परत गोळीबार.”

“आणि हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं?” प्रोफेसरांचा आवाज बारीक झाला होता.

“साहेब लोक आपापलीच प्रत वाचतात. दुसऱ्याची प्रत फक्त टायपिस्ट बघतो.”

बोलावं की नाही, यावर तिनं पाच मिनिटं घालवली होती. अर्थाबद्दल बोलणं हे तिचं काम नव्हे. पण हे आपल्याला कळलेलं असून गप्प बसलो तर घास गिळणार नाही, असं तिला वाटलं. तिनं किडकिडीत टायपिस्टाला दोन्ही ओळींवर बोट ठेवून दाखवलं. तिची भाषा त्यालाही थोडी वाचता येत असावी, कारण त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मग दोघं मिळून उठले आणि आपापल्या प्रमुखांच्या कानाशी लागले.

तासभर नुसता गोंधळ झाला. तुम्ही फसवलंत, नाही तुम्ही फसवलंत. मग आतली मोठी माणसं एकदम थकली. दोन्ही प्रमुख बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. दोघं टायपिस्ट सोडून बाकीच्यांना त्यांनी खाली पाठवून दिलं. तासाभरानं आत आले आणि म्हणाले, बारा महिने लिहा, सरळ लिहा, दोन्हीकडे सारखं लिहा.

“सातवं कलम आठव्या पानावर होतं. मजकूर वाढला, म्हणून आठपासून चौदापर्यंत सगळी पानं परत करायची. सात पानं, दोन प्रती. खाली वार्ताहर, डोक्यावर साहेब. हात भरभर चालवला आणि आठव्या पानाच्या मध्यावर दोन दांड्या एकमेकींत अडकल्या. केसातली पिन काढून सोडवल्या, पण ‘र’ची दांडी वाकली ती वाकलीच. मी म्हटलं, साहेब, पान फाडते, मशीन बदलून द्या. तर म्हणाले, दुसरं मशीन बेटावर नाही, चालू द्या, तहाला ‘र’ सरळ लागत नाही.” मावशीनं मान खाली घातली. “पण मला लागत होता. फार वाईट दिसतं ते पान.”

“आणि मोटरबोट?” प्रोफेसरांनी विचारलं.

“जेवणाचे डबे आले होते. सगळ्यांना भूक लागलेली.”

भाचीला हसू आवरेना. तिनं कपाटाकडे तोंड फिरवून उगाच बाटल्या सारख्या केल्या. प्रोफेसर मात्र हसत नव्हते. त्यांनी मफलर काढून मांडीवर ठेवला.

“बाई, रागावू नका. मी तुमच्यावर विश्वास ठेवतो, पण विश्वास म्हणजे पुरावा नव्हे.”

“मग आठवं पान बघा ना,” मावशी म्हणाली. “आमच्याकडे राहिलेल्या प्रतीत वरच्या अर्ध्या पानात ‘र’ सरळ असेल, मधूनच वर चढेल. त्यांना दिलेली प्रत मी नंतर केली. तिच्यात आठव्या पानाच्या पहिल्या ओळीपासूनच वर. पान बाहेरून आलं असतं, तर मशीन काय पानाच्या मध्यावर बदलतं?”

प्रोफेसरांनी लॅपटॉप उघडला. दोन्ही प्रतींची छायाचित्रं त्यांच्याकडे होती. आठवं पान काढलं, मोठं केलं. भाचीही मागून वाकून बघायला लागली. पहिल्या परिच्छेदात एक ‘र’, सरळ. दुसरा, सरळ. तिसरा, चौथा, पाचवा. मग सातव्या कलमाची दुसरी ओळ आली, ‘परवाना’ शब्द आला, आणि त्याच्यातला ‘र’ खोडकर पोरासारखा टाचा उंचावून उभा होता. तिथून पुढचे सगळे तसेच. मग दुसरी प्रत काढली. पहिल्या ओळीतच, वर.

प्रोफेसरांनी दोन्ही पानं शेजारी शेजारी लावून परत एकदा बघितली.

“आठ वर्षं,” प्रोफेसर शेवटी म्हणाले. “आठ वर्षं मी पहिलं पान आणि शेवटचं पान बघत बसलो. मधली पानं तिथंच होती.” त्यांनी लॅपटॉप मिटला, “येतो,” म्हणाले आणि गेले. मफलर खुर्चीतच राहिला.

त्या दिवशी ते जेवायला आले नाहीत. मावशीला चुटपुट लागली. “उगाच बोलले बाई मी. चांगल्या माणसाचं पुस्तक बुडवलं.”

“तू नाही बुडवलंस, ‘र’नं बुडवलं,” भाची म्हणाली. पण मावशीचं समाधान झालं नाही. पुढ्यातलं गोडही तिनं अर्धंच खाल्लं.

सकाळी ती गच्चीवर आली तर प्रोफेसर कठड्याशी उभे होते. दाढी न केलेली, पण चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ. समोर बेट दिसत होतं. बैठी पांढरी घरं आणि मधोमध लाल कौलांची जकात कचेरी.

“बाई, काल मला तुमचा फार राग आला,” ते म्हणाले. “मग मीच मला म्हटलं, गाढवा, साडेपाच तासांत काय झालं ते सांगणारं माणूस जगात एकच उरलंय, ते तुझ्या दुसऱ्या रांगेत बसतं आणि तू त्याला इतिहास शिकवतोयस! आज त्या माडीवर मी बोलणार नाही. तुम्ही बोला.”

“छे! मला भाषण येत नाही.”

“भाषण नको. टाईप कसं केलंत तेवढं सांगा.”

जकात कचेरीची माडी मावशीला आठवणीपेक्षा लहान वाटली. वर आता परवाना कार्यालय होतं. जिथं लांब टेबल होतं तिथं जाळीची खिडकी आणि आत एक कंटाळलेला कारकून. समोर कोळ्यांची रांग, प्रत्येकाच्या हातात दुमडलेला कागद. साठ प्रवासी, प्रोफेसरांच्या गळ्यातल्या माईकवरचं ऐकायची यंत्रं कानात अडकवून, आत घुसले, तशी रांग वाकडी झाली. मावशी आपलं टेबल नेमकं कुठे होतं ते शोधत खिडकीपाशी गेली, तर एक दांडगा कोळी म्हणाला, “ओ बाई, मागे व्हा. रांग आहे.”

“मला परवाना नकोय.”

“मग खिडकी कशाला अडवताय?”

“मी इथं बसायचे,” मावशी म्हणाली.

कोळ्यानं तिला नखशिखान्त न्याहाळलं. “तेव्हापण असाच वेळ लावायचात काय?”

“एकदा लावला,” मावशी म्हणाली. तिच्यामागे प्रोफेसर इतक्या मोठ्यानं हसले, की सगळ्यांच्या कानांतली यंत्रं किरकिरली.

मग तिनं सांगितलं. सुरुवातीला अडखळली, पण गोष्ट मशीनपाशी आली तशी सरळ बोलू लागली. दोन गठ्ठे, दोन ओळी, वाकलेली दांडी, केसातली पिन, जेवणाचे डबे. ती गोष्ट रंगवून सांगत नव्हती. टाईप करावं तशी एकेक ओळ पुढे ढकलत होती. रांगेतले कोळीही ऐकायला लागले. मघाचा दांडगा आपला परवाना उघडून त्याच्यावरचे ‘बारा महिने’ हे शब्द वाचत होता, जणू काही पहिल्यांदाच.

एका प्रवासीणबाईंनी विचारलं, “पण व्हरांड्यात ते दोघं काय बोलले? सहाचे बारा कसे झाले?”

सगळे पुढे सरकले. प्रोफेसरांनी वही काढली.

“माहीत नाही,” मावशी म्हणाली.

“काहीच ऐकू नाही आलं?”

“एकदा दोघं हसले. तेवढं ऐकू आलं. मी रद्द झालेली पानं फाडत होते.”

“तुमचा अंदाज काय?”

“अंदाज मी कधी टाईप केला नाही,” मावशी म्हणाली.

राजदूतांनी, यंत्र पूर्ण आवाजावर ठेवून, टाळी वाजवायला सुरुवात केली. मावशी गडबडली. टाळ्या थांबवायला तिनं हात वर केला, तर लोकांना वाटलं ती अभिवादन करतेय; टाळ्या वाढल्या.

नंतर ती आणि भाची व्हरांड्यात बसल्या. खाली होड्या बांधलेल्या होत्या, वाळत टाकलेल्या जाळ्यांना ओला वास येत होता. भाचीनं विचारलं, “त्या दुसऱ्या टायपिस्टाचं पुढे काय झालं गं?”

“कोण जाणे. निघताना त्यानं मला खडीसाखर दिली. मी त्याला माझी मशीनची जास्तीची रिबन दिली, त्याची फार फिकट झाली होती.” मावशी थोडा वेळ समुद्राकडे बघत राहिली. “चांगला टायपिस्ट होता. टायपिंग चुकून एकही पान फाडलं नाही त्यानं.”

भाचीनं मावशीकडे जरा निरखून बघितलं.

उरलेले पाच दिवस मजेत गेले. मावशीला जेवायला आपल्या टेबलावर बसवण्यावरून प्रवाशांत चढाओढ लागली. अख्खं जहाज तिला मावशी म्हणायला लागलं. कप्तानसुद्धा, जो वयानं तिच्या बरोबरीचा होता.

वर्षभरानं प्रोफेसरांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. पाचवं प्रकरण त्यांनी सगळं नव्यानं लिहिलं होतं. मोटरबोट गेली, बडं सरकार गेलं, आणि त्यांच्या जागी एक टायपिस्ट येऊन बसली. प्रस्तावनेत त्यांनी स्वतःची चूक आडपडदा न ठेवता कबूल केली होती. काही जाणकारांनी त्यावर नाक मुरडलं. एवढा मोठा तह आणि त्याचं श्रेय टायपिंगला? प्रोफेसरांनी त्यांना एकाच ओळीचं उत्तर लिहिलं, की आठवं पान बघा.

जहाजाच्या कंपनीनं मावशीला रीतसर बोलावलं, पाहुणी म्हणून नव्हे, वक्ता म्हणून. तिनं दोन सफरी केल्या. माडीवर उभं राहून तेच सांगितलं, तेवढंच सांगितलं. तिसऱ्या वेळी पत्र आलं तेव्हा तिनं नम्रपणे नाही म्हणून कळवलं.

“का गं मावशी? कंटाळलीस?” भाचीनं फोनवर विचारलं.

“कंटाळा नाही. पण दुसऱ्या खेपेला माझ्या लक्षात आलं, मी व्हरांड्यातल्या हसण्याबद्दल जरा जास्तच बोलायला लागलेय. लोकांना आवडतं म्हणून. आणखी दोन सफरी केल्या असत्या ना, तर ते दोघं काय बोलले तेही मला ऐकू यायला लागलं असतं.” मावशीनं गॅस बारीक केला. “त्यापेक्षा घरी बरी. तू कधी येतेस ते सांग. येशील तेव्हा चार दिवस सलग राहा, उगाच पाय लावून पळू नकोस.”

भाचीनं पुढल्या महिन्यातली तारीख सांगितली. मावशीनं ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिली, आणि पलीकडच्या खोलीतून भाचीची गादी काढून ऊन दाखवायला गॅलरीत टाकली.